पयली सही

कसबा बावड्यात धनपालचा चटणी कुटायचा डंक आज कायमचा बंद होणार होता. रांगेत माझ्यापुढं तानाबाई होती.

"धनपाला, का रं बंद करतोस?"

"समोरच्या फ्लॅटवाल्यांना ठसका लागतोय, आक्का. त्यांनी अर्ज दिलाय."

"मुडदा बशिवला त्यांचा! चटणी खाताना न्हाय लागत व्हय ठसका?"

"जाऊ द्या."

"जाऊ द्या कसं? तू जैन माणूस, लसूण तोंडाला लावत न्हाईस, पर नुसत्या वासावर माझी चटणी जमवतोस. आता कुणाकडं जाऊ? नावं सांग त्यांची."

"नगं, आक्का."

"सांग की!"

"पयली सही तुमच्या पोराची हाय. आदर्शची."

डंकात तानाबाईचीच चटणी धाडधाड कुटली जात होती.

"आक्का, मशीन थांबवू?"

"नगं. बारीक कुट. त्यालाच द्यायची हाय."