कोंडिबाचं घर सार्वजनिक झालं

ऐका मंडळी! आजचा प्रश्न एकच. ठराव कागदावर होतो, काळीज छातीत असतं — मग कागदानं काळीज बरं होतं का? मान हलवू नका. आधी गोष्ट ऐका, मग हलवा.

आंबेदरा नावाचं गाव. तिथला कोंडिबा डोईफोडे. माणूस लाखाचा, पण तोंडात विडी! पारावर विडी, चावडीत विडी, दूध घालायच्या रांगेत विडी. कोंडिबाला शोधायचं तर डोळे लागत नसत — नाक पुरे!

एक दिवस ग्रामसभेत ठराव आला. सार्वजनिक ठिकाणी विडी-सिगारेट बंद! कोंडिबा ताडकन उठला. "आधी सार्वजनिक म्हणजे काय, ते लिहा!" झालं! दोन तास काथ्याकूट. शेवटी तोडगाही त्यानंच दिला — "जिथं चार माणसं, ते सार्वजनिक." चारच का? कारण विडीच्या बैठकीला कोंडिबा आणि त्याचे दोन सोबती, असे तिघेच असायचे! बघा डोकं! कुणीतरी विचारलं, "बैल धरायचा का मोजणीत?" मतदान झालं. बैल पडला.

दुसऱ्या दिवशी तिघं पारावर बसले. कायदेशीर! काडी ओढतात तोच चौथा हजर. कोंडिबा ओरडला, "हो पुढं! तू बसलास की आम्ही सार्वजनिक होतो!"

"मी कुठं ओढतोय? नुसता बसतोय."

"नुसता बसलास तरी माणसातच धरतात तुला!"

आता सांगा, गावात पारावर तिघं बसलेत आणि चौथा येत नाही, असं कधी झालंय? महिनाभर माणसं हाकलून हाकलून कोंडिबा थकला. आणि त्यानं विडी घरी नेली. दिवस थंडीचे, खिडकी बंद, चुलीपाशी बायको सुंदराबाई भाकरी थापतेय, आणि हा शेजारी पाटावर. "घर आपलं. इथं कोण मोजतंय?"

कोण मोजतंय? मंडळी, छाती मोजत होती! एका दुपारी सुंदराबाईचा हात परातीतच थांबला. "अहो... छातीवर कुणीतरी बसल्यागत वाटतंय."

जीप केली. आरोग्य केंद्र गाठलं. तपासणी झाली, डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मावशी, दिवसाला किती विड्या?"

सुंदराबाई म्हणाली, "ह्यांना विचारा. ओढतात हे, पोचतात मला."

कोंडिबानं एकदम भिंतीवरचं पाळणा लांबवायचं पत्रक वाचायला घेतलं. वय वर्षं बासष्ट!

"इकडं बघा काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ठराव झाल्यापासून तुमच्या गावातनं छाती दुखतेय म्हणून येणारे कमी झालेत. एका गावावरनं मी पैज लावणार नाही. पण पारावरचा धूर गेला, तो न ओढणाऱ्यांच्या छातीतूनही गेला, एवढं नक्की. तुम्ही मात्र तो उचलून घरात आणलात. मावशींचं काळीज थकलंय. आता धूर नको आणि चढही नको. पुन्हा असं झालं, तर माझ्या हातात काही राहायचं नाही."

कोंडिबानं तिथल्या तिथं कान धरले. आणि दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर हात गेला खिशात. "एकच!" म्हणे. माणूस आहे हो, दगड नाही! दगड असता तर सुटली असती.

सुंदराबाई भांडली नाही. तिनं परसातनं नुसती हाक टाकली — "गोजा! चंद्राक्का!" शेजारच्या दोघी तांदळाची सुपं घेऊन आल्या आणि बसल्या निवडायला. सुंदराबाई बोटांवर मोजत म्हणाली, "तुम्ही एक. मी दोन. गोजा तीन. चंद्राक्का चार. झालं घर सार्वजनिक! ठराव कुणाचा हो, कारभारी?"

आठ दिवस असेच! माजघरात गेला — दोघी माजघरात. न्हाणीत शिरला, तर बाहेरनं म्हातारी चंद्राक्का, "सावकाश होऊ दे कोंडिबा, मी बसलेय दाराशी!" गावातला तांदूळ निवडून संपला, मग दोघींनी निवडलेलाच पुन्हा निवडायला घेतला.

नवव्या दिवशी कोंडिबा निसटला. थेट खिंडीत, गावाच्या शिवेवर! माणूस नाही, काणूस नाही. विडी ओठात धरली, काडी पेटवली — आणि मागनं धाप ऐकू आली. वळून बघतो, तर सुंदराबाई! चढ चढून आलेली. ओठ पांढरे, हात छातीवर. मटकन दगडावर बसली.

"अगं, चढायचं नाही म्हणून सांगितलंय ना तुला!"

"चाळीस वर्षं जोडीनं संसार केला, थंडीभर विडीही जोडीनं ओढली," ती म्हणाली. "आज एकट्यानं ओढाल, ते बरं दिसत नाही."

काडी बोटापर्यंत जळत आली. ती टाकून कोंडिबानं तिचं मनगट धरलं. मंडळी, हा भजनात पखवाज धरणारा माणूस. तालातला केसाएवढा फरक त्याच्या बोटांना कळायचा. त्या मनगटात ठेका चालत होता, अडखळत होता, मध्येच गप्प होत होता. तो गप्प झाला की कोंडिबाचा श्वास थांबायचा. पुन्हा चालू झाला, की ह्याचा चालू!

ती सावरेपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग हात धरून, दर बाभळीला थांबवत, तिला खाली घेऊन आला. विडी? ती खिंडीतच राहिली. खरं तर ओढायला हरकत नव्हती — दोघंच होती तिथं, ठराव लागूच नव्हता!

म्हणून सांगतो, कागदानं काळीज बरं होतं! पारावरचं होतं, चावडीतलं होतं. पण कागद उंबऱ्याशी येऊन चपला काढतो आणि बाहेरच उभा राहतो. आत तुमचं तुम्ही बघायचं.

आता मागं, सतरंजीच्या काठावरचे ते दोघे — हो, तुम्हीच! मघापासून खिसा चाचपताय. पाय मोकळे करायचेत? जा की, अडवतो कोण! फक्त पलीकडं बायकांत जाऊन घरच्यांना सांगून जा, कुठं चाललोय ते. आणि त्या पदर खोचून म्हणाल्या, "थांबा, मीही येते" — तर काय कराल, बोला!