नाव घेऊन हाक

अक्काबाई : म्हणजे येत नाही म्हणता? अहो बाई, तुमच्याबिगर आम्ही नुसत्या भाजीवाल्या. आरडाओरडा करायला आलोय असंच वाटंल लोकांना.

कुसुम : नाही येत. चहा घ्या.

अक्काबाई : चहा ऱ्हाऊ द्या. पाच वाजता सविता हॉस्पिटलातून निघणार. नवऱ्याला तिथंच ठेवून चौकीत जबाब द्यायला. कालच्या पोरांनी निरोप धाडलाय तिला, जबाब दिलास तर गावाकडं सुरगाण्याला जाणारी एस्टी गाठू देणार नाय. आम्ही तिच्याभोवती कडं करून चालणार. पण वाटेत पोरं आडवी आली, तर त्यांची नावं कोणाला येतात? तुम्हालाच. सगळी तुमच्याच बालवाडीतली.

कुसुम : म्हणूनच येत नाही.

अक्काबाई : घाबरलात?

कुसुम : घाबरले असते तर बरं झालं असतं.

अक्काबाई : मग झालं काय? काल तर त्या नवरा-बायकोभोवती आम्हा बायकांचं कडं करून वाघिणीसारख्या बसल्या होतात पुलाखाली. "काय रे ललित, चड्डीचं बटण लावायला मी शिकवलं तुला, आणि आता दांडकं घेऊन आलास?" लय हसू आलं मला, तेवढ्या गर्दीत. आणि ललितनं दांडकं टाकलं की नाय? किशोरला त्याच्या आज्जीचं गुडघ्याचं दुखणं इचारलंत, तो बी माघारी गेला. आपलं हत्यार तेच. हात रिकामे, तोंड उघडं आणि नाव घेऊन हाक. हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला.

कुसुम : आणि तरी सविताच्या नवऱ्याच्या, यादवच्या बरगड्या मोडल्या.

अक्काबाई : मोडल्या. काय गुन्हा होता त्याचा? घाटावर चुकलेलं पोर कडेवर घेऊन आई शोधत हिंडत होता. कोणा रिकामटेकड्यानं व्हिडिओ टाकला, पोरं पळवणारा म्हणून. मजुरीला आलेला माणूस, त्याला कोण ओळखतंय इथं? पण बाई, आपण नसतो तर त्याचा जीवच गेला असता. गर्दीच तेवढी होती. रेटा आला.

कुसुम : रेटा नाही आला, अक्काबाई. वाट मिळाली. माझ्या समोरून मिळाली. मी गप्प बसले म्हणून मिळाली.

अक्काबाई : बोला, बाई.

कुसुम : तोंडाला रुमाल होता. पण बूट ओळखले मी. टाचा चेपून घालतो. पहिलीत होता तेव्हापासून ओरडतेय, नीट घाल, नीट घाल. तेच बूट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

अक्काबाई : मला ठाऊक हाय.

कुसुम : काय ठाऊक आहे?

अक्काबाई : तुमच्या मांडीला मांडी लावून बसले होते मी. तुम्ही तोंड उघडलंत आणि मिटलंत. मग पदर पुढं ओढून खाली बघत बसलात. मी वर बघितलं. तुमचा मयुरेश होता.

कुसुम : आणि तरी मघापासून वाघीण म्हणताय मला?

अक्काबाई : काय म्हणू मग? खोटं कशाला बोलू, रात्री लय राग आला तुमचा. अंथरुणात पडून शिव्या घातल्या तुम्हाला. मग म्हटलं, अक्काबाई, त्याचं नाव तुला बी येत होतं की. लहानपणी तुझ्या टोपलीतली गाजरं पळवायचा. तू का नाय हाक मारलीस? तर म्हणे बाईंची लाज जाईल, बाईंच्या नवऱ्याची, गुरुजींची लाज जाईल. तुमची लाज राखली मी. तिकडं त्या माणसाचं हाड मोडत होतं.

कुसुम : भागीबाईने मारली हाक. ललित तिचा पोटचा. मी त्याचं नाव घेतलं तेव्हा ती माझ्या मागेच बसली होती. मला वाटलं, आता ही मान खाली घालेल. तर ती उठून ओरडली, "मुडद्या, घरी चल, तुझ्या बापाला सांगते!" चारचौघांत. आणि मी? बालवाडीची बाई! दुसऱ्यांच्या पोरांची नावं घेताना जीभ कशी सैल सुटली होती माझी.

अक्काबाई : आता रडून काय होणार?

कुसुम : रडत नाहीये. लाज वाटतेय. कोणत्या तोंडाने चालू त्या सविताबरोबर? सकाळी हे काय म्हणाले माहितेय? रामकुंडावर पूजा सांगायला निघता निघता म्हणाले, "कोणी विचारलं तर तो सेकंड शिफ्टला होता. यजमानांना काय तोंड दाखवू मी?" आणि मी मान डोलावली. डबाही भरून दिला.

मयुरेश : (आतल्या खोलीतून बाहेर येत) आई, मी निघतो. शिफ्ट आहे.

कुसुम : कालही होती ना?

मयुरेश : बाबांशी बोलणं झालंय माझं. तू नको सुरू करूस. अक्काबाई, तुम्ही कधी आलात?

अक्काबाई : तू आत पडून ऐकत होतास तेव्हापासून.

मयुरेश : सगळेच चिडले होते. व्हिडिओ खरा वाटला. सातपूरला आमच्या अख्ख्या कारखान्यात फिरत होता. पोरं म्हणाली चल, गेलो.

अक्काबाई : अरे, त्या लेकराची आई केव्हाच सापडली होती! लेकरू तिच्या कडेवर बसून पेरू खात होतं. तिनं सुद्धा घसा फोडून सांगितलं, ह्या माणसानंच आणून दिलं म्हणून.

मयुरेश : आम्हाला नंतर कळलं.

कुसुम : मारलंस?

मयुरेश : आई...

कुसुम : मारलंस का, एवढंच विचारतेय.

मयुरेश : एक लाथ. कुठे लागली ते बघितलं नाही. त्याची बायको त्याच्या अंगावर पडली, तेव्हा मी मागे झालो. रात्रभर झोपलो नाहीये मी. तुला काय वाटतं, मला काही वाटत नाही? पण तू हाक का नाही मारलीस?

अक्काबाई : हे बरंय! चोर तो चोर, वर शिरजोर!

मयुरेश : तसं नाही म्हणत मी, मावशी. सगळ्यांना मारलीस ना आई तू हाक. ललितला मारलीस, किशोरला मारलीस, ते परत गेले. मी तुझ्यासमोर थांबलो होतो. मला पुढे जायचं नव्हतं आणि मागे फिरायलाही जमत नव्हतं. म्हटलं, आता आई माझं नाव घेईल. शिवी घालेल, घालू दे. मित्र हसतील, हसू देत. तू माझ्या बुटांकडे बघितलंस आणि पदर ओढलास. मागून कोणीतरी ओरडलं, इथून वाट आहे.

कुसुम : तुझे पाय तुझे होते. त्यांना माझी हाक लागत नव्हती.

मयुरेश : हो. माझेच होते.

कुसुम : पण हे खरं आहे. मला आधी अब्रू आठवली. कुसुमबाईंचा मुलगा म्हणतील, गुरुजींचा मुलगा म्हणतील. त्या माणसाचा जीव नंतर आठवला. तोही तुझी पाठ दिसल्यावर.

मयुरेश : कालपासून तू माझं नाव घेतलेलं नाहीस. "हा", "तो", "जेवायला वाढलंय".

कुसुम : येत नाहीये तोंडात. काय करू?

अक्काबाई : मायलेकरांनी आता एकमेकांची समजूत काढत बसू नका. तिकडं ती बाई एकटी हाय. पाच वाजतील. मी चालले.

मयुरेश : मी येऊ?

अक्काबाई : तू? कशाला? दुसरी लाथ घालायला?

मयुरेश : चौकीत सांगतो. मी होतो म्हणून. लाथ मारली म्हणून.

कुसुम : नोकरी जाईल.

मयुरेश : जाईल.

कुसुम : बाबा घरात घेणार नाहीत.

मयुरेश : तू?

कुसुम : चपला घालते. थांबा अक्काबाई.

अक्काबाई : थांबते, पण एक सांगून ठेवते. ह्याला सविताजवळ आणायचं, तर आधी तिला इचारायचं. आपण तिच्या भोवती तिच्या मर्जीनं चालतो. ती नको म्हणाली, तर ह्यानं एकट्यानं चौकीत जायचं. आणि "पोरगं चुकलं, माफ कर" असलं काही तिच्यापुढं बोलायचं नाय. तुम्ही बी नाय, बाई.

कुसुम : नाही बोलणार.

(संध्याकाळी, हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर. भाजीबाजारातल्या बायका रिकाम्या हाताने उभ्या आहेत.)

सविता : आल्या बाई? मला वाटलं, तुम्ही नाय येणार.

कुसुम : यादव कसे आहेत?

सविता : श्वास घेतला की दुखतं त्याला. झोपलाय आता. चला, अंधार पडायच्या आत जाऊ. हा कोण? बापयाला कशाला आणलं?

अक्काबाई : तेच इचारायचं होतं तुला. तू नाय म्हणालीस तर तो जाईल.

सविता : थांबा. हे बूट मी पाह्यले काल.

कुसुम : हो.

सविता : तोंडं नाय पाह्यली मी कोणाची. त्याच्या अंगावर पालथी पडले होते. नुसते पाय दिसत होते. हे टाच चेपलेले बूट माझ्या तोंडाजवळ होते.

कुसुम : माझा मुलगा आहे हा. काल ओळखला होता मी. गप्प बसले. तो आता चौकीत स्वतःचं सांगणार आहे. तू जबाब देताना याला सोडू नकोस, माझ्याकडे बघून तर अजिबात नको.

सविता : तुमचा?

कुसुम : माझा.

सविता : काल तुमचा आवाज ऐकत बसले होते, बाई. एकेकाचं नाव घेत होत्या तुम्ही. मला काय ती माणसं ठावी नाय. पण म्हटलं, बाई नावं घेते तोवर आपण वाचलो. यादवला बी तेच सांगत होते, ऐक, नावं घेते बघ. मंग नावं थांबली. तेव्हा कळलं मला. म्हणून त्याच्या अंगावर पडले.

अक्काबाई : सविता, तू सांग. धाडून देऊ ह्याला?

सविता : येऊ द्या. पण मागं नको. मागं पाय वाजले की मला भ्या वाटतं आता. पुढं चालू द्या, एकटा, मला दिसंल असा.

अक्काबाई : त्या पानटपरीपाशी पोरं उभी हायत, बाई. किशोर हाय, आणखी दोघं हायत. आपल्याकडंच बघतायत. गुरुजींचं पोरगं म्हणून सगळी ओळखतील ह्याला. घ्या नावं.

कुसुम : घेते. मयुरेश! ए मयुरेश, पुढे हो.