दुसऱ्या अल्बमचं शेवटचं कडवं

सन दोन हजार पंचवीस, एप्रिलची एकोणीस तारीख, जयंती होऊन पाच दिवस झालेले, ऊन असं की गच्चीवरच्या पत्र्यावर पापड टाकला तर भाजून निघावा, आन त्या पत्र्याखाली, मी माझ्या हातानं बांधलेल्या खोलीत, तीन शहाणी माणसं आठ महिने बसून काय करत होती म्हणता... गाणं? नाय. गाण्याचं नियोजन.

तुम्हाला सांगतो, मी गवंडी माणूस. शिक्षण चौथी, ती बी अर्धी. निम्म्या मुकुंदवाडीचं प्लास्टर माझं, शेंद्र्याला कंपनीचे पाये भरले, पण आठ महिने नुसता ओळंबा धरून उभा राहिलेला गवंडी मी पाहिला नाय. माझी नात विशाखा, ती शब्द लिहिते आन गाते. आकाश गिटार वाजवतो. ऋतुराज ढोल वाजवतो, ढोल म्हणलं की त्याला राग येतो, "आबा, ड्रम्स." बरं, ड्रम्स. बँडचं नाव 'पत्र्याखाली'. पत्रा माझा, नाव त्यांचं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. माझी बायको, गोजरबाई, तिनं दोन दिवस वाट पाहिली आन मग विचारलं, "कोंबड्या कधी आणणार?"

पहिला अल्बम यांनी पंधरा दिवसांत केला, तीन वर्षांमागं. चिडलेली होती, बसली, झाला. लोकांनी फोनवर ऐकला, पुण्याला बोलावणं आलं. आन दुसऱ्याला? दुसऱ्याला पांढरा फळा आणला. त्यावर लाल पेनानं 'थीम', निळ्यानं 'साउंड', हिरव्यानं 'व्हाइब'. मी विचारलं, व्हाइब म्हणजे काय? आकाश म्हणला, "ते सांगता येत नाही आबा, ते जाणवतं." मग फळ्यावर कामून लिहिलं? तर विशाखा म्हणते, "तुम्हाला नाही कळणार. दुसरा अल्बम अवघड असतो, आबा."

मला नाय कळणार. बरं.

तर त्या शनिवारी, आठ महिन्यांनी, एक गाणं कसंबसं उभं राहिलं, आन लगेच भांडण. गाणं एक, मालक तीन. कुणाचं नाव पहिलं? विशाखा म्हणे शब्द माझे, आकाश म्हणे चाल माझी, ऋतुराज म्हणे, "ठेका नसता तर तुम्ही दोघं अजून सूरच लावत बसले असते." खाली ऐकू येत होतं सगळं. अंड्याच्या ट्रेचा काय उपयोग झाला, सांगा? मी माठाचं पाणी घेऊन वर गेलो तर ऋतुराज काड्या पिशवीत भरतोय. "नाम मेरा तिसऱ्या नंबरला? रहने दो. पुण्यात नोकरी हाय माझ्यासाठी, मैं चला."

मी तांब्या खाली ठेवला. म्हणलं, "जवानीत मी गायचो त्या आमच्या गायन पार्टीत असली कटकट नव्हती. ज्यानं गाणं लिहिलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यातच ओवलेलं असायचं. कुणी बी गाऊ दे, नाव येणारच. कोण चोरणार?"

म्हणलं खरं... आन खाली ठेवलेला तांब्या उगाच उचलून पुन्हा ठेवला.

विशाखा म्हणली, "म्हणून दाखवा की, आबा." आता माघार घेणं आपल्या रक्तात नाय. डोळे मिटले, मांडीवर ताल धरला, आन शेवटच्या कडव्यापर्यंत आलो:

वीट वीट रचून भिंत उभी राहे,
सर्जेराव म्हणे, माझं दार कुठं आहे?

सर्जेराव म्हणजे मी. आकाश म्हणला, "आबा, हे तुम्ही लिहिलं?" आन मी, तुम्हाला सांगतो, व्हय बी म्हणलं नाय आन नाय बी म्हणलं नाय, मी पाणी प्यालो. पोरीनं सगळा फळा पुसला, थीम गेली, व्हाइब गेली, मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शब्द: सर्जेराव'. अक्षर छान हाय तिचं. मी बराच वेळ पाहत बसलो. खोटं कशाला बोलू.

गाणं साहेबरावाचं होतं. माझा जोडीदार. दिवसा माझ्या बरोबर विटा रचायचा, संध्याकाळी पेटी वाजवायचा, गाणी लिहायचा. मला लिहिता कुठं येत होतं? पण आवाज माझा. आमची एक कॅसेट निघाली होती, लोक दुसरी मागत होते. त्र्याऐंशी साल, गंगापूर, समोर हजार माणूस, आन शेवटच्या कडव्याला 'साहेबराव म्हणे'च्या जागी मी म्हणलं, 'सर्जेराव म्हणे'. दोन्ही नावं एकाच मापाची, ताल जरा सुद्धा हलला नाय. टाळ्या पडल्या. साहेबरावानं एकदा वर पाहिलं, पेटी थांबवली नाय. परतताना जीपमध्ये एवढंच बोलला, "आवाज चांगला लागला आज." त्यानंतर त्यानं मला नवं गाणं दिलं नाय. दुसरी कॅसेट निघाली नाय. आन ही पोरगी मला शिकवते, दुसरा अल्बम अवघड असतो.

रात्री जेवताना गोजरबाई म्हणली, "साहेबराव भावजींचं गाणं वर म्हणत होता जणू." भाकरी वाढली आन उठून गेली. त्या गाण्यावर बेचाळीस वर्षांत एवढंच बोलली ती.

आठ दिवसांनी अल्बमसाठी त्याच गाण्याचं रेकॉर्डिंग. पंखा बंद, खिडकी बंद, खोलीची भट्टी. माझ्या तोंडापुढं माइक. ऋतुराज पुण्याला गेला नव्हता, त्यानं हळू ठेका धरला, आन मी म्हणत गेलो, म्हणत गेलो...

साहेबराव म्हणे, माझं दार कुठं आहे?

विशाखानं हात वर केला. "थांबा थांबा. आबा, नाव चुकलं."

"चुकलं नाय," मी म्हणलं. "बेचाळीस वर्षं चुकत होतं." आन सगळं सांगितलं. गंगापूर, पेटी, जीप, सगळं. म्हातारा माणूस घामानं भिजून चोरी कबूल करतोय म्हणल्यावर त्यांना नावासाठी भांडायला तोंड राहिलं नाय. ऋतुराज उठला, फळ्यावरचं 'सर्जेराव' हातानंच पुसलं, 'साहेबराव' लिहिलं, आन खाली आपल्या तिघांची नावं एका ओळीत. मग जी गाडी सुटली ती दिवाळीपर्यंत आठ गाणी. अल्बम निघाला. माझं बी नाव हाय त्यात, अगदी खाली, बारीक: 'जागा व पत्रा: सर्जेराव'. मिळवलं मी.

साहेबराव जाऊन नऊ वर्षं झाली. त्याची बायको, भागूवहिनी, कन्नडला असतात, पोरीकडं. एस्टीनं गेलो, विशाखाचा फोन खिशात, गाणं कसं लावायचं ते तीनदा शिकून. वहिनी ओसरीवर वाटाणे सोलत बसलेल्या. फोन त्यांच्या कानाला लावला. नाव आलं तसा त्यांचा हात थांबला. गाणं संपलं. म्हणल्या, "पुन्हा लावा." लावलं. मग वाटाण्यांकडंच पाहत म्हणल्या, "लई वर्षं लावली, सर्जेराव भावजी."

मी म्हणलं, "दुसरा अल्बम अवघड असतो, वहिनी."

त्यांनी निम्मे वाटाणे माझ्या पुढं सरकवले. सोलले. देणं फिटलं.