गडाच्या दारात

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं. काकांच्या डोळ्यावर कालच्या ऑपरेशनची पट्टी होती.

“आता आठवडाभर तो ऑनलाइन खेळ बंद म्हणजे बंद!”

“अगं, खेळातल्या आमच्या टोळीचा मी वैद्य आहे. लढाईत सगळ्यांच्या जखमा मीच भरतो.”

“घरात कुणाचं बोट कापलं तर तुम्हाला भोवळ येते.”

“सहाही जण जमल्याशिवाय गडात शिरायचं नाही, असं ठरलंय आमचं.”

“मग बाकीचे काय करतात?”

“दारात शेकोटी पेटवून गप्पा मारतात. एकाची आई आजारी होती, तेव्हा महिनाभर आम्ही नुसते बसून असायचो.”

“रिकामटेकडे आहात सगळे. काल कळलंच मला.”

“काल?”

“तुम्ही ऑपरेशनहून येऊन झोपला होतात, तेव्हा तुमचा हेडफोन लावला आणि सांगून टाकलं, यांची वाट बघू नका म्हणून.”

“बरं केलंस. काय म्हणाले?”

“तुमची चौकशी केली. मग एक मुलगी म्हणाली, काकू, दिवसभर एकट्याच धावपळ करत असाल. तुम्ही जेवलात का?”

“मग?”

“नव्हते जेवले. ती म्हणाली, ताट घेऊन इथंच या. आम्ही थांबतो.”

“गेलीस?”

“पट्टीला हात लावू नका.”

“अगं, विचारतोय मी.”

“ते राहू द्या. नर्सबाईंना जरा विचारा, आपला नंबर कधी लागणार. सातला जमतात ना सगळे?”