दाजींची आंघोळ

पाणी वाचवायचं म्हणता? मग आमच्या दाजींचं ऐका. त्या साली आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. दाजी नांदेडात लोकांची घरं सजवून देतात, बांबूचं फर्निचर, तागाचे पडदे, असलं. आमच्याकडं आले की त्यांचं सुरू, "मामा, घर कसं निसर्गाला धरून पाहिजे. काहीच वाया जाऊ द्यायचं न्हाई!"

सकाळी आईनं त्यांच्यासाठी न्हाणीत बाज टाकली अन् बाजेखाली टब सरकवला. दाजी बाजेवर बसून मस्त आंघोळ करून बाहेर आले.

"मामी, टब भरला होता. मीच मोरीत वतून दिला. तुम्हाला कशाला तरास!"

आईच्या हातातली पोह्याची बशी हातातच राहिली. मी मोरीकडं पळालो, तर शेवटचा फेस आत चालला होता. संडासात टाकायला आमच्याकडं तेवढंच पाणी असायचं, आंघोळीचं. पण जावयाला बोलणार कोण?

दाजींनी दोन बशा पोहे हाणले, वर चहा घेतला अन् संडासात गेले. जराशानं आतून आवाज आला, "मामा, बादली कोरडी हाय! पाणी द्या की!"

आई धावत जाऊन प्यायच्या घागरीपुढं उभी राहिली. बाबांनी सदरा काढला, खांद्यावर टॉवेल टाकला अन् संडासाच्या दारापाशी जाऊन म्हणाले,

"जरा दम धरा, जावईबापू. मी आंघोळीला बसतो."