ट्रम्पेटवाल्याची फुंकर

श्वासतपासणीच्या खोलीबाहेर खुर्च्या सहा आणि माणसं तीन: बँडमधला म्हातारा ट्रम्पेटवाला, त्याची बायको आणि आपल्या नंबराची वाट पाहणारी एक मुलगी. मुलीचे कान त्या दोघांकडेच होते.

“साडेतीनशेच्या खाली आकडा आला, तर ट्रम्पेट कायमचा पेटीत. डॉक्टरांनी बजावलंय.”

“मागच्या वेळी दोनशे नव्वद आला. येणारच! अहो, जोरात फुंकायचं सोडून तुम्ही नळीत सूर धरत बसलात.”

“अगं, जन्मभर श्वास जपून सोडलाय. एकदम कसा उधळू?”

“आज उधळा. कंजूषपणा घरी.”

“फुफ्फुसं तर तीच जुनी आहेत.”

“असू देत. व्यायामाने बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू बळकट होतात, असं त्या व्यायामवाल्या बाई म्हणाल्या ना? आधी दर मजल्यावर टेकत होतात. काल माझ्या आधी वर पोचलात आणि मलाच विचारलंत, दमलीस का म्हणून!”

“दमली होतीसच की.”

“दोन्ही पिशव्या माझ्या हातात होत्या!”

हाक आली. तो आत गेला. दार अर्धवट उघडंच राहिलं.

“आजोबा, छातीभर श्वास घ्या. आता सोडा, जोरात!”

“सूर नको हो!” बायको बाहेरून ओरडली.

मुलीनेही नकळत श्वास रोखला.

आतून आवाज आला, “चारशे दहा.”