सदऱ्याचं तुटलेलं बटण

डबलबारीत दोन भजनी बुवा समोरासमोर बसून गाण्यातून एकमेकांची उणीदुणी काढतात, हे काय तुम्हाला मी सांगायला हवं? तर कुडाळच्या त्या छोट्या हॉलात आठवडाभर रोज बारी होती. एका बाजूला मी, समोर रेडीचा सुरेशबुवा. पहिल्याच संध्याकाळी पेटीवर सूर धरून तो गायला, "सदऱ्याक बटान नाय, बायकोन घराभायर काढलो काय?" हॉल नुसता हसत सुटला. मीही त्याच्या पोटावर चार ओळी जोडून परतफेड केली.

मग कोणीतरी त्याला सांगितलं की माझी बायको वर्षापूर्वी वारली. झालं! दुसऱ्या दिवशी हा गडी माझी स्तुती गायला लागला. लोक जांभया देत उठू लागले. मध्यंतरात मी त्याला हॉलच्या मागे गाठलं.

"आवाज बसलो काय रे तुझो?"

"बुवा, माका ठावक नव्हता. माफ करा."

"माफी कित्याक? ती आसताना रोज भांडाण व्हायचा. आता घरात मी कायव केलंय तरी माका कोण बोलणा नाय. निदान तू तरी भांड!"

तो मान खाली घालून आत गेला. पण मध्यंतरानंतर बसल्या बसल्या गायला, "कालचाच बटान आजव नाय, म्हातारो आळशी!" हॉल पुन्हा उसळला, आणि मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! आठवडाभर मी ते बटण लावलं नाही.

हा बघा, तोच सदरा, अजून बटणाविना. मघापासून समोर बसून चहा पिताय, पण तुमच्यातला एकजणही त्यावर काही बोलला नाही.